दोन म्हणजे कुठले दोन?

खानापूरकडच्या एका बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "सर, फिजिक्समध्ये तरंग-कण द्वैत, गणितात ड्युॲलिटी, कीर्तनात द्वैत-अद्वैत. एका व्याख्यानात ऐकलं की हे सगळं मुळात एकच आहे आणि आपल्या ऋषींना ते आधीच माहीत होतं. खरं का? आणि आपण सीमाभागातली माणसं दोन भाषांत जगतो, तेही द्वैतच का?"

एकच नाही रे. शब्द एक आहे, म्हणून घोटाळा होतो. मी बेळगावात तीसेक वर्षं डिग्रीच्या पोरांना गणित शिकवलं. फळ्यावर इंग्रजी, समजावणं मराठीत, आणि मागच्या बाकांवर त्याचं कन्नड चालू. एवढ्या वर्षांत शून्याने फसलेली पोरं थोडी पाहिली, 'दोन'ने फसलेली पुष्कळ. त्यामुळे कुणी द्वैत म्हटलं की मी आधी एक गोष्ट तपासतो: या दोघांत जायची वाट आहे का, आणि त्याच वाटेने परत फिरलो तर निघालो होतो तिथेच पोचतो का? तुझी तिन्ही द्वैतं या एका प्रश्नापाशी वेगळी होतात.

गणितापासून सुरुवात करू. तिथे वाट डोळ्यांनी दिसते. आलेखाचा कागद घे. (१, १), (२, ३), (३, ५) हे तीन बिंदू मांड. तिन्ही एका सरळ रेषेत येतील; ती रेषा य = २क्ष − १. आता प्रत्येक बिंदूची एक रेषा करायची. नियम साधा: बिंदूतल्या पहिल्या आकड्याने क्षला गुणायचं आणि दुसरा आकडा वजा करायचा. म्हणजे (१, १) ची रेषा य = क्ष − १, (२, ३) ची य = २क्ष − ३ आणि (३, ५) ची य = ३क्ष − ५. पट्टी लावून तिन्ही काढ. तिन्ही एकाच ठिकाणी भेटतात, (२, १) ला. आता मघाची रेषा घे, जिच्यावर आपले तिन्ही बिंदू होते: य = २क्ष − १. तिला तोच नियम उलटा लाव. कुठला बिंदू येतो? (२, १).

वर्गात हे केलं की दोन-तीन पोरं तरी मान वर करायची. 'तीन बिंदू एका रेषेवर' या वाक्याचं 'तीन रेषा एका बिंदूतून' झालं. बिंदू आणि रेषा यांनी जागा बदलल्या, पण वाक्य खरं ते खरंच राहिलं. उलट फिरवलं तर पहिलं वाक्य जसंच्या तसं हातात. गणितातलं द्वैत म्हणजे हा दुतर्फा शब्दकोश. मी त्याला वर्गात 'जोडरूप' म्हणायचो, कारण 'द्वैत' म्हटलं की पोरांना मध्वाचार्यांची उडुपी आठवायची. (उभी रेषा मात्र या नियमात बसत नाही, तिचा चढ सांगता येत नाही. तिच्यासाठी अनंतावरचे बिंदू मानावे लागतात आणि तिथून प्रक्षेपी भूमिती सुरू होते. तो विषय पुन्हा कधीतरी.)

याचा फायदा किती, ते बघ. पास्कलने १६४० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, शंकुच्छेदात (शंकू कापून मिळणाऱ्या वर्तुळ, लंबवर्तुळासारख्या वक्रात) काढलेल्या षट्कोनाविषयी एक प्रमेय मांडलं: समोरासमोरच्या बाजू वाढवल्या की त्यांचे तीन छेदबिंदू एका रेषेत येतात. त्याचं जोडरूप, म्हणजे शंकुच्छेदाभोवती काढलेल्या षट्कोनाचे समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणाऱ्या तीन रेषा एका बिंदूतून जातात, हे ब्रियांशोनने छापलं १८०६ मध्ये. मधे १६६ वर्षं. शब्दकोश हाताशी असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी लिहून झालं असतं. हा शब्दकोश उघडपणे मांडला पुढच्या वीसेक वर्षांत, जेर्गोन आणि पोन्सले या दोघा फ्रेंचांनी, आणि श्रेय कुणाचं यावरून दोघे कडाक्याने भांडले. जेर्गोनने तर आपल्या नियतकालिकात प्रमेयं दोन स्तंभांत छापली, डावीकडे बिंदूंचं, उजवीकडे रेषांचं. आपल्याकडच्या दोन भाषांतल्या पाट्यांसारखं. फरक एवढाच की कुठलं अक्षर वर आणि मोठं यावर त्याच्या पानावर भांडण नव्हतं.

घन आणि अष्टफलक ही जोडीही तशीच: घनाला ६ पृष्ठं, ८ कोपरे, अष्टफलकाला ८ पृष्ठं, ६ कोपरे, कडा दोघांना १२. यावर जास्त थांबत नाही, कारण मला कुंद्याकडे यायचंय.

समज, आपल्या गावातला एक मिठाईवाला कुंदा आणि पेढा करतो. आकडे सोपे पडावेत म्हणून मी ठरवलेत, कुणा दुकानाचे नाहीत. कुंद्याच्या एका घाण्याला १ किलो खवा आणि भट्टीचे २ तास लागतात. कुंदा परतायला वेळ द्यावा लागतो, घाई केली की तो रंग येत नाही. पेढ्याच्या घाण्याला १ किलो खवा आणि १ तास. नेहमीच्या भावाने खवा मिळतो दिवसाला १२ किलो. दोन भट्ट्या नऊ-नऊ तास, म्हणजे १८ तास. सगळा खर्च वजा जाता कुंद्याच्या घाण्यामागे २५० रुपये सुटतात, पेढ्यामागे २००. किती घाणे कशाचे काढावेत? उत्तर ६ आणि ६. खवा १२ किलो संपतो, तास १८ संपतात, नफा २,७०० रुपये.

आता शेजारचा दुकानदार येतो आणि म्हणतो, "तू आज काहीच करू नकोस. तुझा खवा तुला पडला त्याच दराने घेतो, वर किलोमागे काही रुपये देतो. भट्टीही तासावर घेतो. बोल." त्याला कमीत कमी पैशांत सौदा पटवायचाय. पण आपला माणूस तेव्हाच मान डोलवेल, जेव्हा एका कुंद्याच्या घाण्याचा माल आणि वेळ देऊन निदान २५० हातात येतील आणि पेढ्याच्या घाण्याचं सगळं देऊन निदान २००. शेजाऱ्याचं गणित सोडवलं की खव्याला किलोमागे १५० जास्तीचे आणि भट्टीला तासाला ५० असे भाव निघतात. एकूण किती? १२ गुणिले १५० म्हणजे १,८००, अधिक १८ गुणिले ५० म्हणजे ९००. दोन हजार सातशे.

पैशापैशाने तेच. एकाला जास्तीत जास्त मिळवायचंय, दुसऱ्याला कमीत कमी द्यायचंय, आणि दोघे एकाच आकड्यावर येऊन उभे राहतात. हा योगायोग नाही. अशा गणितांच्या शाखेला रेषीय नियोजन (लिनिअर प्रोग्रामिंग) म्हणतात आणि तिच्यातलं हे मूळ प्रमेय आहे. १९४७ च्या ऑक्टोबरात गणिती जॉर्ज डँटझिग अशी गणितं सोडवायची आपली पद्धत दाखवायला दुसरे मोठे गणिती फॉन नॉयमन यांच्याकडे गेले तेव्हा नॉयमननी समोर उभं राहून त्यांना ते सांगितलं. ते १५० आणि ५० हे आकडे नुसते शोभेचे नाहीत. खवेवाला म्हणाला की एक किलो जास्त देतो पण दर वाढवून, तर १५० रुपयांपर्यंत वाढ परवडेल. पडताळून बघ: १३ किलो खवा धरला तर ५ घाणे कुंदा, ८ पेढा, नफा २,८५०. शेजाऱ्याच्या गणिताचं पुन्हा जोडरूप केलं की आपल्या मिठाईवाल्याचं गणित परत येतं. वाट जाते, वाट येते.

आता फिजिक्स. इथे तुझ्या पुस्तकाने थोडा अन्याय केलाय. 'इलेक्ट्रॉन कधी कण असतो, कधी तरंग' हे वाक्य वाचून वाटतं की तो ऑफिसात कन्नड आणि घरी मराठी बोलणाऱ्या माणसासारखा असावा. तसं होत नाही. जपानमध्ये तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बघ: इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. पडद्यावर दरवेळी एक ठिपका उठतो, अर्धा नाही, पसरट नाही. शे-दोनशे ठिपक्यांपर्यंत काही अर्थ लागत नाही. रांगोळीचे ठिपके कुणी डोळे मिटून टाकल्यासारखे. हजारो ठिपके झाले की पट्टे दिसू लागतात, उजळ, काळे, उजळ. पडणं दरवेळी कणासारखं, आणि कुठे पडायचं याचा हिशोब मात्र तरंगाचा. दोन्ही गोष्टी त्या एकाच प्रयोगात आहेत.

यातला जो भाग खरोखर गणितातल्या द्वैतासारखा आहे, तो वेगळाच आहे. इलेक्ट्रॉनची अवस्था 'तो कुठे आहे' या भाषेत लिहिता येते, किंवा 'त्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) किती' या भाषेत. एकीतून दुसरीत नेणारा शब्दकोश म्हणजे फूरिए रूपांतर. ते दोनदा केलं की तेच चित्र परत येतं, फक्त आरशात पाहिल्यासारखं डावं-उजवं झालेलं. चारदा केलं की अगदी मूळचं. दोन्ही भाषांत मजकूर पूर्ण आहे, काही गळत नाही. मग जागा आणि संवेग दोन्ही एकाच वेळी नेमके सांगता येत नाहीत, ही हायझेनबर्गची अनिश्चितता कुठून आली? तानपुऱ्याची तार छेड आणि नुसती ऐक. स्वर पक्का कळतो, पण 'नेमका कधी वाजला' याला अर्थ नाही, तो वाजतोच आहे. आता टाळी वाज. कधी वाजली ते पक्कं, पण टाळीचा स्वर कुठला ते सांग. ध्वनी जितका आखूड, तितका त्याचा स्वर पसरट. ज्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले तिथल्या पोराला हे समजायला अवघड जाऊ नये. हायझेनबर्गचा नियम या तार आणि टाळीच्या गोष्टीचाच सख्खा भाऊ आहे.

व्याख्यानात जो घोळ होतो त्याचा उगम थोडा डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्याकडे जातो. त्यांनी १९२७ मध्ये इटलीत कोमो इथे 'पूरकता' मांडली: दोन चित्रं एकाच वेळी वापरता येत नाहीत, पण दोन्हींशिवाय वर्णन पुरं होत नाही. पुढे १९४७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सन्मान दिला तेव्हा त्यांनी आपल्या मानचिन्हावर यिन-यांग हे एकमेकांत गुंतलेल्या काळ्या-पांढऱ्या अर्धांचं चिनी चिन्ह घातलं. झालं. तेव्हापासून पूर्वेचं सगळं तत्त्वज्ञान क्वांटमच्या गाडीत मागून चढतंय. मला बोर यांच्याबद्दल आदर आहे, पण त्या चिन्हाने समजुतीपेक्षा गैरसमजच जास्त पसरवले असं माझं मत आहे. 'दोन चित्रं एकत्र वापरता येत नाहीत' हे एक विधान. 'दोन मुळात नाहीतच' हे अद्वैताचं विधान. एकाने दुसरं सिद्ध होत नाही, खोटंही ठरत नाही.

तत्त्वज्ञानात मी पाहुणा, पण मध्वाचार्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथेच सगळे घसरतात. तेराव्या शतकातले हे उडुपीकडचे आचार्य. त्यांचे भेद पाच: ईश्वर आणि जीव, ईश्वर आणि जड, जीव आणि जीव, जीव आणि जड, जड आणि जड. दोन नव्हे, पाच. आणि मग 'द्वैत' कशातलं? स्वतंत्र आणि परतंत्र यांतलं. विष्णू एकटा स्वतंत्र, बाकी झाडून सगळं त्याच्यावर अवलंबून. आता माझी कसोटी लाव. 'बिंदू'च्या जागी 'रेषा' घातली तरी प्रमेय टिकलं. मध्वांच्या वाक्यात 'विष्णू'च्या जागी 'जीव' घालून बघ. वाक्य खोटं होईलच, वर मार खाशील. त्यांच्या मते हा भेद मोक्षातही मिटत नाही. इथे अदलाबदलीची वाट नाही, आणि नसावी हाच मुद्दा आहे. म्हणून गणिताची ड्युॲलिटी आणि मध्वांचं द्वैत यांना एकाच माळेत ओवणं म्हणजे दोघांवर अन्याय.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं प्रकरण वेगळं. त्याने १६४१ मध्ये मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्यं आहेत असं मांडलं. दोनच वर्षांनी बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने पत्रातून विचारलं की ज्या मनाला लांबी-रुंदीच नाही ते शरीराला ढकलतं कसं. माझा वाटेचा प्रश्न तिने पावणेचारशे वर्षांपूर्वीच विचारून ठेवलाय, आणि देकार्तचं उत्तर मला तरी पटलेलं नाही. सांख्य तत्त्वज्ञांनाही पुरुष (जाणीव) आणि प्रकृती (जड सृष्टी) वेगळे ठेवून हीच अडचण आली. त्यांनी आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसवला: एकाला चालता येतं, दुसऱ्याला दिसतं. दृष्टान्त सुरेख आहे, पण आंधळा आणि पांगळा दोघेही माणसं असतात, एकमेकांशी बोलू तरी शकतात, ही सवलत पुरुष-प्रकृतीला नाही.

ज्ञानदेवांनी अमृतानुभवात शिव-शक्तीचं जे सांगितलंय ते याच्या पार दुसऱ्या टोकाला: ओठ दोन पण बोल एक, डोळे दोन पण दृष्टी एक. तिथे वाट शोधायचीच गरज नाही, कारण अंतरच नाही. आणि गंमत बघ, पंढरपूरला दोघांची गाठ पडते. कन्नड संतकवी पुरंदरदास मध्वपरंपरेतले, पक्के द्वैती, पण त्यांच्या पदांची मुद्रा, म्हणजे सही, 'पुरंदर विठ्ठल'. ज्ञानदेव अद्वैती, आणि त्यांनी त्याच विठ्ठलाला कानडा म्हटलं. आषाढीला आपल्याकडून दिंड्या निघतात त्यांतल्या किती जणांना हा वाद माहीत असेल? विठ्ठलानेही आजवर कुणाला तू द्वैती की अद्वैती असं विचारून परत पाठवल्याचं ऐकिवात नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न, सीमाभागाचा. इथे मला एकच उत्तर देता येत नाही, कारण आपल्या जगण्यात वरचे सगळे प्रकार मिसळलेत.

भाषेपुरतं बोलायचं तर ते चक्क गणिती द्वैताच्या जवळ जातं. तू घरी "काय करूलालास?" म्हणतोस. पुण्याचा माणूस हसतो. पण त्या 'करूलालास'मध्ये 'करू लागलास' दडलंय, आणि इकडच्या कन्नडमधल्या 'माडाकत्तीनि'मध्ये 'हत्तु', म्हणजे 'लागणे', दडलंय. दोन्हीकडे 'आत्ता चालू आहे' हे सांगायला 'लागणे'च आलं. कोणी कोणाकडून घेतलं ते भाषातज्ज्ञ ठरवोत. माझ्या कानाला साचा एक आणि शब्द दोन. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास करून गम्पर्झ आणि विल्सन या भाषातज्ज्ञांनी १९७१ मध्ये हेच दाखवलं: तिथल्या बोलण्यातली मराठी, कन्नड आणि उर्दू वाक्यरचनेत इतकी जवळ आलीय की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर होतं. शब्द मात्र कुणी सोडले नाहीत. जेर्गोनचे स्तंभच, दोनाऐवजी तीन.

पण कागदावर गेलं की वाट तुटते. आमच्या शेताच्या उताऱ्यावर आडनाव कन्नडमध्ये लिहिताना शेवटचा 'ए' जाऊन 'आ' झाला. शाळेच्या दाखल्यावर मराठीत 'ए'च होता. पुढे कुणीतरी कन्नडवरून इंग्रजी केलं आणि त्या इंग्रजीवरून पुन्हा मराठी, तेव्हा मधलं अक्षरही बदललं. मराठीतून निघालेलं नाव फिरून मराठीत आलं, ते दुसऱ्याच माणसाचं होऊन. वारसा लावताना "हे तिघेही एकच" असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. समोरचे कारकून हसत म्हणाले, "सर, तुम्ही तर अद्वैती निघालात." मला तेव्हा हसू आलं नव्हतं, तीन हेलपाटे झाले होते.

आणि १ नोव्हेंबर? १९५६ मध्ये त्या दिवशी आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच शहरात, त्याच तारखेला, एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रात जायला हवं म्हणणाऱ्यांची काळ्या दिनाची फेरी. २०१४ मध्ये शहराचं अधिकृत इंग्रजी नाव बदललं तेही याच तारखेला. महाराष्ट्राने या सीमाभागासाठी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावलाय. याला जोडरूप म्हणता येणार नाही. मिरवणुकीतल्या वाक्यात शब्द बदलून फेरीतलं वाक्य मिळत नाही, दोन्हीकडची माणसं वेगळं काहीतरी म्हणत असतात. पूरकता म्हणावी तर तसंही नाही. एकाशिवाय दुसरं अपुरं आहे असं दोघांपैकी कुणालाच वाटत नाही. याला मी भांडण म्हणतो. तोही एक प्रामाणिक मराठी शब्द आहे, त्याला द्वैत म्हणून सोवळं नेसवायची गरज नाही.

जाता जाता गृहपाठ. आपल्या मिठाईवाल्याने तिसरी भट्टी घेतली. तास १८ चे २७ झाले, खवा तेवढाच, १२ किलो. आता कुंद्याचे घाणे किती, पेढ्याचे किती? आणि शेजारी पुन्हा आला तर भट्टीच्या एका तासाला तो काय भाव देईल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढलंस की ते तुला चुकीचं वाटेल, खोडून टाकशील. खोडू नकोस, भट्टीचे किती तास रिकामे गेले ते आधी मोज.